उबेचा एकच कोपरा

मी एक काचेची पेटी बोलतेय. चारी बाजूंनी काच आणि वर जाळीचं झाकण, एवढीच काय ती मी. घाटकोपरच्या भटवाडीत, परबांच्या खोलीत, कपाट आणि पडदा यांच्या मधल्या जागेत माझा मुक्काम आहे. काचेला पाठ नसते. त्यामुळे मला आतलं दिसतं तसंच बाहेरचंही दिसतं. लोकांना वाटेल, काय मजा आहे! मजा कसली, डोळे मिटायची सोय नाही.

धोंडिराम काचवाल्यानं मला जोडलं. शेवटची काच चिकटवून त्यानं मला थोपटलं आणि म्हणाला, "ही गळायची नाही." आजवर गळले नाही. पहिली काही वर्षं मी दातांच्या दवाखान्यात होते. माझ्यात मासे असायचे. दाढ ठणकणारी माणसं गालाला हात लावून त्यांच्याकडे बघत बसायची. मासे घोळक्यानं फिरायचे. एखादा एकटा पडला की कावराबावरा व्हायचा. एकत्र राहणं म्हणजे सुखात राहणं, ही माझी समजूत तिथलीच. पुढे दवाखाना बंद झाला आणि सुयोगनं मला रिक्षात मांडीवर घेऊन इथं आणलं.

सुयोग हा परबांचा धाकटा मुलगा. गोदामात पाळीनं कामाला जातो. त्याला सापांचं भारी वेड. त्यानं परदेशी जातीचे दोन अजगर आणले. मनगटाएवढे जाड, अंगावर बदामी ठिपके, बिनविषारी आणि लाजरे. घाबरले की चेंडूसारखे गोळा होणारे. त्याला हवा होता एकच, पण विकणारा म्हणाला, "जोडी ले जा ना भाई, अकेला उदास हो जाता है." सुयोगलाही ते पटलं. मोठ्याचं नाव त्यानं राजा ठेवलं आणि लहानीचं राणी.

सुयोगची आई जानकीबाई, मूळच्या देवगडकडच्या. त्या सापाला कधी साप म्हणत नाहीत, 'जनावर' म्हणतात. आधी त्यांनी "मेल्या, घरात जनावरां कित्याक हाडलंस?" म्हणून सुयोगला चांगलं फैलावर घेतलं. मग दोन आहेत म्हटल्यावर त्यांचा राग उतरला. "जोडीन हाडलंस ता बरा केलंस. एकट्याक करमणा नाय," असं म्हणून त्यांनी माझ्या झाकणाला हळदकुंकू लावलं. ते पुसायला पुढे किती त्रास झाला, ते श्वेताला विचारा.

श्वेता म्हणजे थोरल्या हर्षदची बायको. मुलुंडच्या एका लॅबमध्ये ती रक्त तपासायचं काम करते. सुयोगच्या पाळ्या बदलत राहायच्या, त्यामुळे सापांचं सगळं तिच्या गळ्यात पडलं. पाणी बदलणं, घाण काढणं, चिमट्यानं उंदीर देणं. हे काम कुणी तिला सांगितलं नाही, आणि तिनं केलं तेव्हा कुणी पाहिलंही नाही. सुनांच्या कामाचं तसंच असतं. हर्षद आणि ती पडद्यापलीकडे झोपतात. त्या पडद्याची कड माझ्या काचेला घासते.

आता माझ्या आतली व्यवस्था सांगते. एका टोकाला काचेखाली गरम होणारी चटई, तिच्यावर पालथं घातलेलं फुटकं मडकं. तेवढाच उबेचा कोपरा. दुसऱ्या टोकाला पाण्याचं भांडं. साप स्वतःचं अंग स्वतः तापवू शकत नाही. खाल्लेलं पचवायलाही त्याला बाहेरची ऊब लागते. आणि माझ्यात जीव दोन, मडकं एक.

राणी मडक्यात शिरली की राजा मागून जाऊन तिच्यावर पसरायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, काय माया आहे! सुयोगनं त्याचा व्हिडिओ काढला आणि मोबाइलवरून सगळीकडे पाठवला. जगभरच्या लोकांनी त्यावर लाल बदाम पाठवले. शेजारच्या मीराताई मुलांना घेऊन बघायला आल्या. "माझ्या घरात माणसं अशी बसत नाहीत गं," म्हणून हसल्या. मी मात्र आतून बघत होते. राजा तिला बिलगत नव्हता, तिच्यावर दाबून बसत होता. थोड्या वेळानं राणी खालून सरपटत निघायची आणि पाण्याच्या भांड्यामागे जाऊन बसायची. तिथं माझी काच थंडगार असते.

हे आणखी एकीच्या लक्षात आलं होतं. श्वेताच्या.

एका रविवारी दोघं अंग उचलून एकमेकांभोवती वेटोळे घालू लागले. कधी तो वर, कधी ती. जानकीबाई कोळंबी सोलत होत्या. ते बघून त्या हातातलं टाकून उठल्या. "जनावरां जुळली! श्वेता, कोरा कापड दी गो!" त्यांच्या गावी जुळलेली जनावरं दिसणं म्हणजे भाग्य. त्यांच्यावर कोरं वस्त्र टाकायचं आणि ते घरात जपून ठेवायचं. जानकीबाईंनी ओटीसाठी ठेवलेला हिरवा खण काढला, झाकण सरकवून दोघांवर टाकला आणि डोळे मिटून हात जोडले. नंतर तोच खण घडी करून श्वेताच्या कपड्यांत ठेवला. आता वर्षभरात पाळणा हलणार म्हणाल्या. एका पडद्याच्या या घरात पाळणा कुठं टांगणार होत्या, देव जाणे. पण त्यांची माया खोटी नव्हती. ते मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलंय.

त्यानंतर राणीनं खाणं सोडलं. श्वेतानं उंदीर पुढे धरला की ती तोंड फिरवायची. श्वेतानं मोबाइलवर वाचलं, लॅबमधल्या कुणाला विचारलं आणि एका संध्याकाळी सगळे घरात असताना ती म्हणाली, "यांना वेगळं ठेवायला पाहिजे. एकत्र नाही राहू शकत हे."

सगळ्यांनी दचकून तिच्याकडे पाहिलं.

तुम्हाला वाटेल, यात दचकण्यासारखं काय? गणपतीच्या आधी हर्षद आणि श्वेता बदलापूरला भाड्याची खोली बघून आले होते. जानकीबाईंना कळलं तेव्हा त्यांनी अन्नाला हात लावायचं सोडलं. दहा बाय बाराच्या खोलीत त्यांनी सासू-सासरे, दोन दीर, नवरा आणि मुलं असा सगळा संसार ओढला होता. गिरणी बंद पडली तेव्हा याच खोलीनं सगळ्यांना सांभाळलं. त्यांच्या लेखी वेगळं होणं म्हणजे घराला चूड लावणं. शेवटी हर्षदनं आईच्या पायाला हात लावून शब्द दिला. तेव्हापासून 'वेगळं' हा शब्द या घरात कुणी उच्चारत नव्हतं.

जानकीबाई श्वेताकडे न बघता म्हणाल्या, "कोण कोणाबरोबर रवाक शकणा नाय, ता माका बरा कळता. आमच्या घरात कोणी वेगळा होवक नाय, होवचा नाय."

"आई, मी सापांचं बोलतेय."

"माका सगळा समाजता."

सुयोग म्हणाला, "वहिनी, दुसरी पेटी ठेवायची कुठं यार? पाय ठेवायला जागा नाही." हर्षद मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, "श्वेता, पुरे ना." श्वेता पडद्यामागे गेली. त्यानंतर ती यावर बोलली नाही.

मला त्या दिवशी फुटून जावंसं वाटलं. फुटले असते, तर निदान त्या दोघांना वेगवेगळ्या डब्यांत ठेवावं लागलं असतं. पण धोंडिरामचं काम पक्कं.

राणी वाळत गेली. पाठीचं हाड वर आलं. श्वास घेताना तिच्या नाकातून शिट्टीसारखा बारीक आवाज यायचा आणि तोंडाशी फेस दिसायचा. ती भांड्यामागे काचेला टेकून पडून राहायची. तिला द्यायला माझ्यापाशी ऊब नव्हती. श्वेता लपूनछपून गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून माझ्या त्या बाजूला लावून जायची. कामावरून येईपर्यंत ती गार झालेली असायची. राजा मात्र मडक्यात मजेत होता. त्याचा तरी काय दोष? त्याला ऊब हवी होती, आणि ऊब एकाच जागी होती.

सुयोगला सुट्टी मिळाली तेव्हा तो राणीला कापडी पिशवीत घालून प्राण्यांच्या डॉक्टर अनुपमांकडे घेऊन गेला. दुपारी परत आला तेव्हा पिशवी हलत नव्हती. तो जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. मग म्हणाला, "डॉक्टर म्हणाल्या, राणी नव्हतीच ती. नर होता. दोघं नर. ते जुळले नव्हते गं आई, भांडत होते. वेगळं ठेवलं असतं, तर जगला असता म्हणे."

कुणीच श्वेताकडे बघितलं नाही. ती उठली, तिनं आपल्या कपड्यांतला हिरवा खण काढला आणि पिशवीतल्या जिवाला त्यात गुंडाळलं. जानकीबाईंचा हात खणाकडे जाता जाता राहिला. सुयोगनं त्याला मागच्या टेकडीवर पुरलं.

आता राजा एकटाच आहे. छान खातो, माझ्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतो. परवा मीराताई आल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, एकटा पडला की हा!"

जानकीबाई तांदूळ निवडत होत्या. आता त्यांना सगळं ठाऊक झालंय. शहाणपणानं म्हणाल्या, "जनावराक एकटाच ठेवचा लागता, मीरा. डॉक्टरनीन सांगल्यान. माणसाचा तसा नसता. माणूस एकत्रच बरो."

श्वेता तिथंच भिंतीला टेकून ताट घेऊन बसली होती. तिनं घास खाली ठेवला, ताट सरकवलं आणि म्हणाली, "मला भूक नाही आई." जानकीबाईंनी झाकण घालून ते ताट ओट्यावर ठेवलं. संध्याकाळी खाईल म्हणाल्या. तिनं ते संध्याकाळीही खाल्लं नाही.

आदल्या दिवशीही तिनं असंच ताट सरकवलं होतं. तिच्या गळ्याजवळची हाडं वर आली आहेत. पडद्याच्या कडेला, माझ्या थंड बाजूला पाठ टेकून ती बसते, आणि तिचा श्वास मला काचेतून कळतो. हे सगळं मी एकदा पाहिलंय. राणीला बोलता येत नव्हतं. हिला येतं, पण हिनं बोलून पाहिलंय.

मी काच, मला हाक मारता येत नाही. तुमच्यापैकी कुणी भटवाडीत परबांकडे राजाला बघायला आलात, तर खुशाल बघा, फोटो काढा. पण त्याआधी पडद्यापलीकडे डोकावून त्या पोरीला एवढं विचारा, "श्वेता, जेवलीस का गं?" आणि ती हो म्हणाली, तरी लगेच उठू नका.