खिळ्यावरचा मफलर

फाल्गुनातले ऊन पत्र्याच्या भोकांतून आत उतरते, भिंतीवरच्या लोखंडावर क्षणभर रेंगाळते, आणि ग्रीस, सागाचा भुसा व आमच्या घुग्घुस गावाची ती जन्माची सोबतीण कोळशाची धूळ यांचा गंध असा दाटून येतो की वाटते, हे आत्ता हात पुसत वळतील आणि विचारतील, "चहा मांडला का नाई?"

घराला टेकून उभी असलेली ही मोटरसायकलची शेड म्हणजेच आमच्या ह्यांचे खरे घर. उभा जन्म खाणीत फिटर म्हणून काढलेला हा अल्पभाषी माणूस निवृत्तीनंतर एकदाच हट्टाला पेटला. मुलाने पुण्याहून हत्यारांच्या कपाटाचा फोटो पाठवला होता. लाल, चकचकीत, कप्प्याकप्प्यांचे. ह्यांनी मोबाइल लांब धरून पाहिला.

"पेटीत ठेवलं का हत्यार झोपते. भिताडावर जागं राह्यते."

झाले! मोडक्या दाराची फळी भिंतीला ठोकली गेली, जुन्या रबरी पट्ट्याच्या तुकड्यांत पेचकस अडकले, तेलाचे डबे कापून खिळे-चुकांना घरे मिळाली. शाळेत शिकवून आल्या आल्या मी कपाळाला हात लावी, "अख्खा कबाडखाना मांडला का हो?" पण खरे सांगते, पुढे पाहुण्यांना ती भिंत कौतुकाने दाखवायला मीच नेत असे.

खाणीतला एक रिवाज मात्र त्यांनी जसाच्या तसा घरी आणला होता. तिथे हत्यार न्यायचे तर आपला बिल्ला ठेवावा लागे. इथे ज्या खिळ्यावरून हत्यार काढाल, त्या खिळ्यावर आपली काहीतरी वस्तू अडकवायची, आणि हत्यार परतले की ती घेऊन जायची. त्यामुळे भिंतीवर कधी कुणाची टोपी झुले, कधी डब्याची पिशवी. कुणी एका महाभागाने तर लसणाची माळ टांगली होती. स्वतः हेही नियमाला चुकत नसत. शेजारच्या किसनभाऊंच्या शेतातली मोटर बिघडली, तेव्हा मोठा पाना काढून त्या जागी त्यांनी गळ्यातला तपकिरी मफलर अडकवला आणि गेले.

शेतातच कोसळले, ते पुन्हा उठलेच नाहीत. धावपळीत पाना कुठे पडला, कोण बघणार होते? मफलर खिळ्यावरच राहिला. तेव्हापासून मुलगा म्हणतो, आई, ते सगळे आता कपाटात भरून टाकू. पण माझा हिशेब वेगळा. पाना परत आलेला नाही, म्हणजे मफलर काढायचा नाही. एवढ्या एका नियमाच्या आधारावर मी ते रिकामे घर सांभाळते आहे. एकटेपणा फार वाईट हो, तो असल्या खिळ्यालाही धरून राहतो.

पंधरवड्यापूर्वी एका सकाळी किसनभाऊ शेडच्या दारात आले. हातात गंज खरवडलेला पाना.

"बाई, सापडला. कपाशीच्या पऱ्हाटीच्या ढिगाखाली होता."

इतके दिवस ज्याच्या हरवण्यावर मी जगत होते, ती वस्तू त्या भल्या माणसाने घासूनपुसून आणली होती.

"तुमच्यापाशीच राहू द्या, भाऊ."

"काऊन? वस्तू तुमची हाय."

"पाना आला तर मफलर काढा लागते."

ते भिंतीपाशी गेले. मग पाना काखेत धरला, खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि मफलरशेजारी त्याच खिळ्याला अडकवला.

"मोटर पुन्हा कुरकुर करून राह्यली," माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाना नेतो मी."

मोटर ठणठणीत आहे, हे मला ठाऊक आहे. तिचा आवाज माझ्या ओट्यापर्यंत येतो. वाऱ्याची झुळूक आली की दोन्ही वस्त्रे एकदमच हलतात. दुपट्ट्याचा माणूस रोज सकाळी उघड्या खांद्याने माझ्या दारावरून जातो, आणि तो पाना परत आणत नाही तोवर मफलरच्या माणसाची वाट बघण्याची मला मुभा आहे.