परसबागेतल्या बाटल्या

ते पत्र पोळ्यापासून विठ्ठलरावांच्या शब्दकोशात पडून होतं. उत्तर द्यायचं म्हणून रोज कोश उघडायचा, पत्र वाचायचं आणि पुन्हा पान मिटायचं, असं दिवाळीपर्यंत चाललं.

पत्र मुकुटबनजवळच्या एका तांड्यावरच्या शाळेचं होतं. तिथले मुख्याध्यापक बादल राठोड त्याच तांड्यात जन्मलेले, तरुण आणि उत्साही. त्यांनी लिहिलं होतं, ‘सर, आमच्या परसबागेतल्या बाटल्यांचं तुम्ही फार कौतुक केलंत. पुरस्काराची संस्था ती पद्धत पुस्तिकेत छापून बाकीच्या शाळांना पाठवणार आहे. आपली हरकत नसल्याचं दोन ओळींत कळवावं.’

विठ्ठलराव पांढरकवड्याचे, भूगोलाचे निवृत्त मास्तर. चार माणसांत बोलायचं म्हटलं की त्यांचा घसा बसायचा. ‘हिरवी शाळा’ पुरस्काराच्या संस्थेने त्यांना परीक्षक नेमलं, कारण एसटीने आडगावच्या शाळा पाहत हिंडायला दुसरं कोणी तयार नव्हतं. या कामासाठी आपण नालायक आहोत, असं मात्र त्यांना पहिल्या दिवसापासून वाटत होतं.

श्रावणात त्यांनी ती परसबाग पाहिली तेव्हा कुंपणाच्या तारेवर बाटल्याच बाटल्या उलट्या टांगलेल्या होत्या. पराटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारायच्या औषधाच्या बाटल्या. पिवळ्या, निळ्या, लाल चिठ्ठ्यांच्या. बुडं कापून त्यांत पाणी भरायचं, झाकणाला भोक पाडायचं, थेंब थेंब पालकाच्या मुळाशी पडायचा. टाकाऊ वस्तूंच्या वापराला या पुरस्कारात सगळ्यांत जास्त गुण होते आणि वस्तू जितक्या जास्त तितके गुण जास्त. पोरं समोर ओळीत उभी होती. त्यांच्याशी काहीतरी बोलायला हवं म्हणून विठ्ठलरावांनी एक बाटली बोटाने हलवली आणि म्हणाले, “छान! अजून आणा.”

परतताना एसटीत डबा उघडला तर बोटांना उग्र वास येत होता. शेतांत फवारणी चाललीय, तिचाच असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. औषधातलं आपल्याला काय कळतं! त्यांनी पूर्ण गुण दिले. आणि तो वास आठवला की पत्राचं उत्तर लिहिणं तेवढं राहून जाई.

दिवाळी झाली आणि आमंत्रण आलं. शनिवारी अंतिम समिती शाळेत येणार होती आणि परसबागेतल्या पालकाची खिचडी मुलांसोबत पंगतीत बसून खाणार होती. ते वाचून विठ्ठलरावांचं जेवणावरचं मन उडालं. गुरुवारी सकाळी कोणाला न सांगता त्यांनी मुकुटबनची गाडी धरली.

शाळा भरलेली होती, पाढे ऐकू येत होते. ते थेट मागे गेले. आता कापूस वेचणीला आला होता, फवारणी कुठेच नव्हती. त्यांनी एक बाटली बोटाने हलवून पाहिली. वास मात्र होता. पालक हिरवागार, एवढा हिरवा की त्यांना बघवेना. एकाही पानाला भोक नाही. वाफ्यात मुंगी नाही, वांग्याच्या फुलांवर माशी नाही. झाकणांतून थेंब पडत होते आणि सगळी बाग कुणीतरी श्वास रोखून बसावं तशी गप्प होती.

“कोन हाय तिकडं?” खिचडी शिजवणाऱ्या मोतीबाई चुलीजवळून उठल्या. तांड्यातली पोरं त्यांना याडी, म्हणजे आई, म्हणत. “अगंबाई, मार्कंवाले गुर्जी! शनिवारी येणार होते ना? खिचडीचा वास लवकर लागला का काय?”

“या बाटल्या… धुतल्या होत्या ना?”

“कोनी धुतल्या, कोनी नाही. घरटी आनल्या. तुमीच म्हनले, अजून आना. मंग काय, पोराइची शर्यत. माह्या नातीनं, गंगीनं, अर्धी भरेल बाटली घरामागं ओतली अन् रिकामी करून आनली.” मोतीबाईंचा आवाज खाली आला. “तिथलं गवत शेळीनं खाल्लं. तोंडाले फेस आला. पाय झाडत झाडत गेली बिचारी.”

“अर्ध्या भरलेल्या अजून कोणी आणल्या?”

“पोरं सांगतीन का, गुर्जी? मार खायले?”

तेवढ्यात बादल सर आले. विठ्ठलरावांनी सगळा धीर गोळा करून सांगितलं, की बाटल्या काढाव्यात, भाजी उपटून गाडावी, मुलांना देऊ नये. बोलताना त्यांचे हात कापत होते.

बादल सरांचा चेहरा उतरला, मग ताठ झाला. “सर, पूर्ण मार्क तुमीच दिले.”

“हो. चुकलं माझं.”

“आमचा पट किती कमी हाय, माहीत हाय तुमाले? पुरस्कार आला तं शाळा वाचते, नाही तं ही पोरं मुकुटबनले पायी जातीन. मी उद्या बाग उपटली तं तांडा म्हनन, बादलनं पुरस्कार घालवला. मी काय दाखवू लोकाइले? तुमचे कापनारे हात?”

“लिहून देतो ना. आत्ता देतो.”

“हातात देलेला कागद मीच लिहून घेतला म्हनतीन. संस्थेले पाठवा, मले पाठवा, टपालाचा शिक्का पाहिजे. शिक्क्याचा कागद आला का त्या घडीले मी सोता उपटतो.” ते थांबले, मग हळूच म्हणाले, “तुमी तवाच उत्तर द्यायले पाहिजे होतं, सर. नाही आलं म्हनून संस्थेनं हरकत नाही समजलं. पुस्तिका छापून शाळाइले धाडली बी.”

“आणि तोवर भाजी?” विठ्ठलरावांनी मोतीबाईंकडे पाहिलं.

“मी काय करू, गुर्जी? जे आनून देतीन ते शिजवते.”

मुकुटबनला परत जायला ऑटोत बसल्यावर त्यांनी मांडीवर कागद घेतला. ‘माझ्या अल्पमतीप्रमाणे, कदाचित, शक्य झाल्यास बाटल्या काढाव्यात…’ पेन अडलं. वास बागेचाच होता हे कशावरून? शेळी दुसरं काही खाऊन मेली असेल तर? एका भित्र्या म्हाताऱ्याच्या शंकेपायी एक शाळा बंद पडायची. कागद घडी करून खिशात घालावा, असं त्यांना वाटलंही.

रस्त्याला दुसऱ्या गावची शाळा लागली. मधली सुट्टी होती. कुंपणावर नव्या कोऱ्या तारेला बाटल्या टांगल्या होत्या. पिवळ्या, निळ्या, लाल. दोन मुली चवड्यांवर उभ्या राहून त्यांत पाणी ओतत होत्या आणि एकीने ओला हात फ्रॉकला पुसून खिशातला पेरू काढला.

“ए पोरी!” विठ्ठलराव ऑटोतून एवढ्या जोरात ओरडले की चालकाने ब्रेक मारला. “हात धू आधी! साबणानं धू!”

पोरी घाबरून पळाल्या. पेरू घेऊनच पळाल्या.

मुकुटबनच्या टपाल कार्यालयात त्यांनी नवा कागद घेतला. त्यात ‘कदाचित’ हा शब्द नव्हता. ‘औषधाच्या बाटल्या सगळ्या शाळांतून आजच काढा. त्या परसबागांतली भाजी मुलांना देऊ नका. मी दिलेले गुण चुकीचे होते, ते रद्द करावेत. चूक शाळेची नाही, माझी आहे.’ खाली पूर्ण नाव, पत्ता, सही. मग तेच अक्षर न अक्षर दुसऱ्यांदा लिहिलं.

“तांड्यावरचं पत्र उद्या पोचतं का?” त्यांनी विचारलं.

“पोस्टमन शाम जातो ना तिकडं. उद्या दुपारपर्यंत देते तो,” खिडकीमागच्या बाईंनी सांगितलं. “संस्थेचं पत्र यवतमाळले सोमवारी.”

सोमवारी. तोवर त्या दुसऱ्या शाळेत किती जेवणं होतील, हे मोजायचं त्यांनी टाळलं. इथून आधी मागे त्याच शाळेत जायचं होतं, घसा बसला तरी बोलायचं होतं. त्यांनी दोन्ही पाकिटं पुढे सरकवली. सरकवताना बोटं नाकाजवळून गेली आणि तोच वास आला.

शिक्का पाकिटांवर आपटला. एकदा, मग पुन्हा एकदा.