खाकी सदरा

कानिफनाथ जाऊन सतरा दिवस झाले, अन् चांदीनं अजून कुणाला कासेला हात लावू दिला नव्हता. वासरू दोन सड लुचायचं. उरलेले दोन सुजून लालभडक झाले होते.

"आई, शुक्रवारी घोडेगावच्या बाजाराला नेतो हिला," लाथेनं सुजलेला गुडघा चोळत कल्याण म्हणाला.

"सड गेलेली गाय कोन सांभाळंल रं?" केशरबाई एवढंच बोलली.

चांदी काही बाजारातून आणलेली नव्हती. कानिफनाथ ट्रकमधून सोनईचा कांदा घेऊन बेंगळुरूला जायचा. एका परतीच्या खेपेला हायवेच्या कडेला, मेलेल्या गाईला चिकटून उभी असलेली ही कालवड त्याला दिसली. केबिनात शेजारी बसवून, ढाब्याढाब्यावर दूध मागत त्यानं ती घरी आणली. उतरल्या उतरल्या म्हणाला, "केशर, क्लीनर बदललाय. पगार मागत न्हाई, पर सीटवरच मुततंय."

तेव्हापासून ट्रकचा हॉर्न ऐकला की चांदी दावं ताणायची. केशरबाईनं ओवीच जुळवली होती,

माझ्या गं धन्याची, गाडी फाट्यावर वाजं
गाडीच्या आधी दारी, चांदीची हाक गाजं

"आन् तू का गं हंबरत न्हाईस?" तो चिडवायचा. ती पदरात हसायची.

पुढं कानिफनाथची पाठ धरली, तसा तो जवळच्याच खेपा करू लागला. चांदी पहिल्यांदा व्याली ती त्याच्याच हाताखाली. मग पंधराव्या दिवशी स्टेअरिंगवरच छातीत कळ आली. ट्रक कडेला नीट लावला, अन् मगच गेला.

शेजारच्या रखमाजीचा जन्म गुरांत गेलेला. त्यानं कास चाचपली. "पहिलारू हाय, वैनी. तिला त्याचाच वास ठावं. कानिफचा न धुतलेला सदरा असंल तर घालून बसा."

"अण्णांची समदी कापडं दहाव्याला नदीत सोडली की," सून अश्विनी म्हणाली.

केशरबाई घरात गेली. पेटीच्या तळाशी, लुगड्यांखाली, प्लास्टिकच्या पिशवीत एक खाकी सदरा होता. तो तिनं सोडला नव्हता. रोज दुपारी घर रिकामं झालं की ती गाठ सोडायची, नाक आत घालायची अन् पटकन गाठ मारायची. डिझेल, तंबाखू, त्याच्या मानेचा घाम. वास आताच विरत चालला होता. गोठ्यात नेला तर चार दिवसांत संपणार.

बाहेर चांदी कण्हली.

केशरबाईनं सदरा लुगड्यावरून अंगात घातला, बटणं लावली. अश्विनी बघतच राहिली.

"आत्याबाई, ह्यो..."

"चरवी आन."

चांदीनं बाही हुंगली. मग खरखरीत जिभेनं खांदा चाटू लागली, कॉलर चाटू लागली. मानेचा वास नेमका तिथंच होता. केशरबाईचा हात कॉलर सोडवायला वर गेला, अन् तसाच खाली आला. "चाट बाई," ती म्हणाली, "तुजाबी हुता."

पान्हा सुटला. आधी दुधाच्या गाठी पडल्या, मग चरवीत धार वाजली.

शुक्रवार आला तसा गेला. कल्याणनं बाजाराचं नाव काढलं नाही. रविवारी केशरबाईनं सदऱ्यात तोंड खुपसलं. शेण, दूध, गाईची लाळ. कॉलर, बाह्या, खिसा, सगळं हुंगून पाहिलं. मग सदरा चढवला, डोळे पुसले अन् धारेला बसली.