सैल सोडलेले पाच नट

बेकरीवाल्याच्या व्हॅनला थोरल्या भावाच्या गाडीचं इंजिन नीट बसलं, तर धाकट्या मिस्त्रीच्या पदरात दोन गोष्टी पडणार होत्या. बेकरीचं गिऱ्हाईक कायमचं बांधलं जाणार होतं, ही एक. आणि नऊ वर्षांनी दादा त्याच्याशी बोलणार होता, ही दुसरी. पहिलीचा हिशेब तो चारचौघांत मांडायचा. दुसरीचा मनातल्या मनात, आणि खरा लोभ तिथेच होता.

अबोल्याचं कारण ऐकलं तर कुणालाही हसू येईल. दोघं एकाच गॅरेजात होते तेव्हा दादानं आवळलेला प्रत्येक नट धाकटा मागाहून पाना लावून तपासायचा. खोडच ती. एकदा त्यानं ते गिऱ्हाइकादेखत केलं. "माझ्या हातावर भरवसा नाही ना? मग चालव तुझ्या हातांनी," असं म्हणून दादानं हत्यारांची पेटी उचलली, तो गेलाच. पुढे घरी बसून शिलाई मशिनं दुरुस्त करू लागला.

यंदा दादाची उभी गाडी कुणीतरी मागून ठोकली. मागचा भाग चेपला, पुढे इंजिन ठणठणीत. बेकरीच्या व्हॅनचं इंजिन निकामी झालं होतं, आणि तिलाही तसलंच लागायचं. वहिनी स्वतः गॅरेजात आल्या.

"भाऊजी, हे म्हणाले, छोट्याला हवं असेल तर घेऊन जाऊ दे. आणि वरचं ते मॅनिफोल्ड यांनीच साफ करून परत बसवलंय."

मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनात हवा नेणारा नळ्यांचा पंजा. छोट्या म्हणजे हाच, वय वर्षं बावन्न. छोट्याला भरून आलं. त्यानं तिथल्या तिथे ठरवलं की या खेपेला दादाच्या नटांना हात लावायचा नाही. माणूस सुधारतो, पण नेमका नको तिथे.

इंजिन चढलं, पहिल्या चावीला सुरूही झालं. पण गाडी उभी असली की खोकायचं. रेस दिली की शहाण्यासारखं चालायचं, पाय काढला की पुन्हा थरथर.

"मिस्त्री, ही व्हॅन आहे की ताप भरलेला पेशंट?" बेकरीवाला म्हणाला. "माझे केक पोचेपर्यंत चुरा व्हायचा."

तीन दिवस छोट्यानं जंग जंग पछाडलं. प्लग बदलले, वायरी बदलल्या, थ्रॉटल धुतलं, इंजिनाखालची रबरं नवी घातली. चारही सिलिंडरचा दाब मोजला, तो सारखा भरला. म्हणजे इंजिन निरोगी होतं, आणि हे त्याला तेव्हाच कळलं होतं. तपासायचं राहिलं होतं ते दादाचं मॅनिफोल्ड. दोनदा पाना तिथवर गेला आणि दोन्ही वेळा मागे आला.

चौथ्या दिवशी बेकरीवाला म्हणाला, "तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. दुसरीकडे नेतो."

त्यावर छोट्यानं उचलली जीभ लावली टाळ्याला. "अहो, जुनं इंजिन. दादानं दिलं, नाही कसं म्हणणार? आतून थकलेलं दिसतंय."

बेकरीवाल्याच्या दुकानात पावाबरोबर बातमी फुकट मिळे. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी पाव घ्यायला गेल्या आणि अकराच्या आत दादा गॅरेजच्या दारात उभा राहिला. दोन्ही हात खिशात. बेकरीवालाही तिथेच होता. फुकटचा तमाशा तो कशाला सोडेल?

"थकलंय म्हणे," दादा म्हणाला. नऊ वर्षांनंतरचे पहिले शब्द ते हे. "लाव बघू."

छोट्यानं चावी फिरवली. दादानं मान तिरकी करून ऐकलं.

"साबणाचं पाणी टाक. मॅनिफोल्डच्या सांध्यावर."

पाणी फटीवर पडलं आणि खोकला थांबला, इंजिन क्षणभर सुतासारखं सरळ चाललं. मग फटीनं पाणी गिळलं आणि खोकला पुन्हा सुरू झाला. हवा तिथूनच आत शिरत होती.

"नट तपासले नाहीस?"

"तुझे होते ना, दादा. कसा तपासणार?"

दादा त्याच्याकडे बघतच राहिला. "अरे गाढवा, तू तपासणारच, म्हणून तर..." तो मध्येच थांबला.

बेकरीवाला फिस्सकन हसला. "म्हणजे नट सैल, आणि इंजिन थकलेलं होय, मिस्त्री?"

छोट्याची मान खाली गेली. त्यानं इंजिन गार होऊ दिलं. मग झालेली चूक भरून काढावी म्हणून त्यानं पाना पुसला आणि मोठ्या आदरानं पुढे धरला. "दादा, तूच आवळ. मान तुझा."

नाही म्हणायला दादाला जागाच उरली नाही. त्यानं खिशातून हात काढला.

पाना नटावर बसेना. टकटक, टकटक, लोखंडावर लोखंड वाजत राहिलं. दादानं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, तर दोन्ही हात कापू लागले. दोन वर्षांपासूनचं हे दुखणं वहिनींखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं; शिलाई मशिनांचे बारीक स्क्रू घरात त्याच फिरवायच्या. मॅनिफोल्डचे पाचही नट त्यानं नुसते बोटांनी फिरवून ठेवले होते, पान्यानं आवळणं राहूनच गेलं होतं. पुढचं छोट्या बघेल, त्याची खोडच आहे, एवढ्या भरवशावर.

छोट्यानं पाना घेतला. एकेका नटाला अर्धा अर्धा फेरा. उभ्या व्हॅनचं इंजिन असं चाललं की बोनेटवर ठेवलेला चहाचा कप हलला नाही.

बेकरीवाला कुचका नव्हता. दुकानात तो हळहळूनच सांगायचा, "बिचारे, हात किती कापतात हो!" चेष्टा लोक आठवड्यात विसरतात, कीव विसरत नाहीत. महिन्याभरात दादाच्या दारात दुरुस्तीला शिलाई मशीन येणं थांबलं.

छोट्याला गिऱ्हाईक मिळालं. दादा बोलायलाही लागला. रस्त्यात भेटला की "बरं आहे" म्हणतो, हात खिशात ठेवून. बेकरीवाल्याचे केक शाबूत पोचतात. ज्याला जे हवं होतं ते मिळालं, आणि या सगळ्याची किंमत दादानं एकट्यानं भरली.