औशाच्या दवाखान्यातले बारा मासे

लातूरच्या गंजगोलाईमागं नासिरभाईंचं रंगीत माशांचं दुकान आहे. सव्वीस वर्षांत माशांबद्दल त्यांना कुणी काही शिकवलं नव्हतं, आणि शिकवायला आलेला त्यांना खपलाही नसता. थोरली पोरगी सबिहा बीएस्सीला झूलॉजी घेऊन बसली, तेव्हा ते गिऱ्हाइकांना हसून सांगायचे, "मासेवाल्याची पोरगी मासेच शिकून राहिली." पण ते शिकणं दुकानाच्या कामी येईल, हे काही त्यांच्या डोक्यात नव्हतं.

एका गुरुवारी औशाहून डॉक्टर तनुजाबाईंचा फोन आला. त्यांच्या लहान मुलांच्या दवाखान्यात नासिरभाईंनीच चार फुटी टाकी बसवून दिली होती. त्यातला एंजल मासा आजारी होता. पर झडले होते, अंगावरचे पट्टे फिके पडले होते, खाणं सुटलं होतं. नासिरभाईंनी निळ्या औषधाची बाटली पिशवीत टाकली. सबिहाला सुट्टी होती, तीही निघाली.

दवाखान्यात पोचताच त्यांनी बाटलीचं बूच काढलं.

"अब्बा, थांबा जरा," सबिहा म्हणाली. "औषध नका टाकू. मला बघू द्या."

ती टाकीसमोर बाकावर बसली ती पाऊण तास उठली नाही. एंजल पंपामागच्या कोपऱ्यात नाक खुपसून होता. टाकीत आणखी तीन मासे होते, टायगर बार्ब, पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले. रांगेतली लेकरं काचेवर टकटक करायची, तसे तिघं सैरावैरा पळायचे आणि परतताना एंजलच्या लांब परांचा लचका तोडायचे.

"रोग न्हाई हा," ती म्हणाली. "हे तिघं त्याला कुरतडून राहिलेत."

"मग त्या तिघांनाच काढा की," तनुजाबाई म्हणाल्या. "गुंड आहेत नुसते."

नासिरभाईंनी जाळी उचललीसुद्धा.

"गुंड न्हाईत, घाबरलेले हायत," सबिहा म्हणाली. "ही टोळीनं राहणारी जात. आठ-दहा असले की आपसातच पळापळी करतात, कोण मोठा कोण लहान ते तिथंच ठरतं. तिघांत ते जमत न्हाई. मग सगळा राग दुसऱ्यावर. एंजलला आपल्या दुकानात नेऊ, त्याची यांच्यासोबत राहायची जातच न्हाई. आणि इथं आणखी नऊ बार्ब सोडू."

"नऊ? आणखी?" तनुजाबाईंनी नासिरभाईंकडं पाहिलं. "भाई, तुम्ही काय म्हणता?"

नासिरभाईंनी जाळी खाली ठेवली. तीन बार्ब आणि एंजल, ही निवड त्यांचीच होती. रंगाला रंग शोभतो म्हणून. अशा जोड्या, तिकड्या त्यांनी किती घरांत दिल्या असतील, आणि किती मासे मेल्यावर 'पाणी बाधलं' म्हणून सांगितलं असेल. गप्प बसले असते तरी कुणाला कळणार नव्हतं.

"चूक माझी हाय, डॉक्टरसाहेब," ते म्हणाले. "ती सांगती तसं करा."

सबिहानं मान वर करून बापाकडं पाहिलं. हे वाक्य तिनं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

नांदेडच्या व्यापाऱ्याकडून बार्ब आले. दोन आठवडे तिनं ते दुकानात वेगळे ठेवले, मग चार सोडले, आणखी आठवड्यानं पाच. टाकी दाराजवळून आतल्या भिंतीला नेली, मागं काळा कागद लावला, पाणवनस्पती दाट केल्या. काचेवर टकटक करू नये, अशी पाटी तनुजाबाईंनी स्वतः लिहिली.

महिनाभरानं बापलेक पाहायला गेले. बारा मासे एकाच वळणानं टाकीभर फिरत होते. मध्येच दोघं एकमेकांच्या मागं लागायचे आणि परत थव्यात मिसळायचे. सुईची पाळी आलेली एक मुलगी रडणं विसरून ते मोजत होती. एंजलला दुकानात नवे पर फुटले होते.

"नासिरभाई, पुढच्या वेळी तुम्ही नाही आलात तरी चालेल," तनुजाबाई हसत म्हणाल्या. "हिला पाठवा."

परतीच्या एसटीत नासिरभाईंना राहवेना. शेजारी धोतर नेसलेले शेषेराव नावाचे शेतकरी बसले होते. त्यांना त्यांनी सगळं सांगितलं, टाकीच्या मापापासून. मागच्या सीटवर सबिहा लाजून खिडकीबाहेर बघत होती.

शेषेरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझ्या जोडीतला एक बैल गेला, तवा दुसऱ्यानं कडब्याला तोंड लावलं न्हाई. डॉक्टर म्हनला, पोट बिघडलंय."

"किती दिवस, काका?" सबिहा एकदम पुढं वाकली. "पाणी प्यायचा? दुसरं जनावर जवळ बांधलं होतं का?"

"आता तू इचारतीस तर आठवून सांगतो, माय," शेषेराव तिच्याकडं वळत म्हणाले.

नासिरभाई उठले. "तू इथं बस," त्यांनी लेकीला आपली जागा दिली. मागची तिची सीट रिकामी होती, तरी ते दांडा धरून तिथंच उभे राहिले. कंडक्टर म्हणाला, "चाचा, बसा की." त्यांनी मान हलवली आणि लातूर येईपर्यंत लेक काय काय विचारते ते ऐकत राहिले.