जिन्यावर दुखणारी दाढ

मोठ्या दिरांना साधा ढेकर अडला, तरी घरातली माणसं पायांत चपला घालून तयार असत. दोन वर्षांत त्यांच्या हृदयाच्या तीन तपासण्या झाल्या होत्या. तिन्ही वेळा हृदय ठणठणीत निघालं आणि त्याचं श्रेय ते आपल्या खानदानाला देत. त्यांच्या बायकोचा जबडा वर्षभर जिना चढताना दुखत होता. त्यावर घराने उपाय म्हणून तिची एक दाढ काढून टाकली. दुखणं थांबेना, तेव्हा दुसरी काढायची वेळ ठरवली. दाढ जिना चढतानाच का दुखावी, उतरताना का दुखू नये, हा प्रश्न घरात कुणालाही पडला नाही. धाकट्या सुनेलाही नाही, आणि ती तर हृदयाच्या रक्तवाहिन्यांची चित्रं काढायच्या कामावर होती.

तिच्या केंद्रात संशोधन चाललं होतं. कोणती वाहिनी अरुंद झाली आहे, हे चित्रावरून संगणकाला ओळखायला शिकवायचं. त्यासाठी आजाऱ्यांच्या जोडीला निरोगी माणसांचीही चित्रं लागत, आणि निरोगी बायका कमी पडत होत्या. हे ऐकून दिरांनी उदार मनाने आपली बायको देऊ केली.

"हिला घेऊन जा. हिच्याइतकं निरोगी कोण मिळणार तुम्हाला? हिला आजारी पडायला वेळ तरी आहे का?"

सगळे हसले. जाऊबाईही हसल्या.

ठरल्या दिवशी दीर स्वतः बरोबर आले. फॉर्म भरायच्या खोलीत दोन खुर्च्या शेजारी शेजारी असत. पुरुष आपला फॉर्म आपण भरत. बायकांचा नवरा भरे, नाहीतर मुलगा. धाकटीने हे इतक्यांदा पाहिलं होतं, की आता तिला ते दिसतही नसे. दिरांनी चष्मा लावला. प्रश्न वाचायचे तेच आणि उत्तरं द्यायचेही तेच. धाप लागते? नाही. छातीत दुखतं? नाही. चालताना, चढताना काही त्रास? नाही. जाऊबाईंनी दाढेचं सांगायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "अगं, हृदयाचं विचारतायत, दातांचं नाही." त्यांनी बोट ठेवलं तिथे जाऊबाईंनी सही केली.

यंत्रावर त्या इतक्या स्थिर पडून राहिल्या, की पाहत राहावं. श्वास रोखायला सांगितलं तर रोखला, औषध टोचल्यावर अंग तापलं तरी भुवई हलली नाही. सोसायचा सराव दांडगा.

मग पडद्यावर चित्र उमटलं. हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त नेणारी मोठी वाहिनी एका जागी जवळजवळ मिटली होती. दोरा बांधून आवळावी तशी. धाकटीला ती काढलेली दाढ आठवली आणि स्वतःची लाज वाटली.

केंद्राच्या प्रमुखांना सगळे सर म्हणत. त्यांनी आधी फॉर्म पाहिला, मग चित्र.

"लक्षण एकही नाही, मग असं दिसेल कसं? हलल्या असतील. अस्पष्ट म्हणून वगळा."

"त्या हलल्या नाहीत सर. मी समोर होते."

"फॉर्म काय म्हणतो?"

"फॉर्म त्यांच्या नवऱ्याने भरलाय. हृदय त्यांचं आहे."

सर समजुतीच्या सुरात म्हणाले, की बायकांची चित्रं आधीच डोकेदुखी असतात, शोधनिबंध याच महिन्यात पाठवायचा आहे, तेव्हा तिने राईचा पर्वत न करता वगळलेल्यांच्या यादीवर सही करावी. यादीत एकोणीस जण होते. त्यांत सतरा बायका.

"या यादीवर माझी सही होणार नाही," ती म्हणाली, आणि चित्र घेऊन थेट खालच्या मजल्यावरच्या हृदयरोगतज्ज्ञ बाईंकडे गेली. चित्र बघताच बाईंनी जाऊबाईंना आत बोलावलं. पाठोपाठ दीरही शिरू लागले.

"भाऊजी, तुम्ही बाहेर बसा," धाकटी म्हणाली.

"का? मी नवरा आहे तिचा."

"म्हणूनच."

दार लागलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, तेव्हा जाऊबाईंनी सवयीने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग हळूहळू बोलू लागल्या. दुसऱ्या मजल्यावर जबडा आवळतो, डावा हात जड होतो. थांबावं लागतं. थांबलेलं कुणी पाहिलं तर काय म्हणेल, म्हणून तिथल्या कोपऱ्यात त्यांनी एक झाडू ठेवला होता. कुणाची चाहूल लागली की त्या जिना झाडत.

"वर्षभर झाडतेय," त्या म्हणाल्या. "शेजारीण म्हणते, किती स्वच्छता हो तुम्हाला."

त्याच दिवशी वाहिनीत जाळी बसवली. दुसरी दाढ वाचली. भेटायला येणाऱ्यांना दीर सांगत, "मी वेळेवर आणली म्हणून बरं."

धाकटीने वरिष्ठ समितीला लेखी कळवलं, की यापुढे प्रत्येक बाईला एकटीला बसवून विचारल्याशिवाय ती यंत्र सुरू करणार नाही. मग तिने यादीतली बाकीच्या सोळा जणींची चित्रं पुन्हा उघडली. सहा अगदी स्पष्ट होती. त्यांत कोणती वाहिनी मिटत आलीय, ते शिकाऊ डॉक्टरलाही सांगता आलं असतं.

तिने सहा फोन लावले. सहाही फोन पुरुषांनी उचलले. चौघांनी कुरकुरत बायकोला घेऊन यायचं कबूल केलं. पाचव्याने विचारलं, की एवढं काय आहे, मलाच सांगा ना. त्यालाही तिने बायकोला फोन द्यायला लावला.

सहावा माणूस आवाजाने सज्जन वाटला. म्हणाला, "ती गेली हो. मागच्या महिन्यात, भांडी घासता घासता."

धाकटीने यादीतल्या त्या नावावर बोट ठेवलं.

"पण आजारी वगैरे नव्हती," तो म्हणाला. "तुमच्याकडे फॉर्म असेल बघा. मीच भरला होता."