कार्योत्तर मंजुरी

भेकर हे जातीने हरीण, पण लहान चणीचं, लाजाळू आणि भित्रं, असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या परसात बहुधा वाल नसतात. अण्णा गुप्त्यांच्या परसात होते, आणि ते भेकराने लागोपाठ दोनदा, वाफ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकही वेल न वगळता खाल्ले होते. इतकं काटेकोर काम अण्णांनी आस्थापना शाखेतल्या चौतीस वर्षांत कुणाही कारकुनाच्या हातून, स्वतःच्या धरून, झालेलं पाहिलं नव्हतं.

निवृत्तीनंतर अंबरनाथचा फ्लॅट बंद करून बदलापूरच्या पलीकडे, बारवीच्या रस्त्याला येऊन राहण्याचा हट्ट अण्णांचा. उमाला तो पहिल्या दिवसापासून पटला नव्हता.

"दिवाळीपर्यंत बघते," तिने सांगून टाकलं होतं. "तोवर या मातीतली एक वेळची धड भाजी ताटात पडली, तर राहीन. नाहीतर मी आपली किर्तीकडे, विठ्ठलवाडीला. तुम्ही बसा हरणांच्या पंगती वाढत."

किर्ती त्यांची मुलगी. तिच्या घरी आईसाठी एक खोली कायम तयार असे, आणि उमा बोलल्याप्रमाणे करते हे अण्णांना एक्केचाळीस वर्षांत पुरतं कळून चुकलं होतं. तिच्यावाचून या घरात आपण आठवडाभरही टिकणार नाही, हेही त्यांना कळलेलं होतं, पण ते तिला सांगण्याची त्यांच्यात पद्धत नव्हती. त्यामुळे सगळी भिस्त वालावर आली.

अण्णांनी रिकामे डबे टांगून पाहिले, कडुनिंबाचा पाला उकळून शिंपडून पाहिला. माणसाच्या वासाला जनावर बिचकतं असं कुणीतरी सांगितलं, म्हणून उल्हासनगर कॅम्प दोनच्या एका सलूनमधून पोतंभर केस आणून वाफ्यांभोवती पसरले. भेकराने ताटातला केस काढून टाकावा तसे ते बाजूला सारले आणि जेवण चालू ठेवलं.

शेवटी डोंगराकडच्या पाड्यावरून भाजी विकायला जाणारी रखमाबाई एका सकाळी टोपली टेकवून उजाड वाफ्यांकडे बघत राहिली.

"केसानं काय व्हतंय? ते कुनाचं, कुठलं. घरवालीचं लुगडं बांध चौबाजूनं. नेसलेलं. धुवायचं नाय."

"साडी चालेल?"

"चालंल की. पन मागून घे तिच्याकडनं. तिनं तिच्या हातानं द्याया पायजे."

पहिला भाग अण्णांना पटला. दुसऱ्या भागाबद्दल त्यांना अनुभवी कारकुनाची शंका आली. प्रस्ताव वर गेला की शेरा येतो. शेरा आला की खुलासा द्यावा लागतो. तोवर भेकराला कोण थांबवणार? काम आधी उरकावं आणि कार्योत्तर मंजुरी घ्यावी, हा खात्यातला जुना आणि मानाचा रिवाज होता. उमा किर्तीबरोबर खरेदीला उल्हासनगरला गेली, त्या दुपारी अण्णांनी धुण्याच्या टोपलीतल्या दोन आणि दांडीवर नेसून टाकलेल्या तीन अशा पाच रोजच्या साड्या उचलल्या आणि बांबू रोवून वाफ्यांभोवती ताणून बांधल्या.

संध्याकाळी उमा परतली, फाटकातच थबकली. अण्णांनी खुलासा तयार ठेवला होता. ती मात्र सावकाश कुंपणापाशी गेली, एका साडीची गाठ सोडून परत बांधत म्हणाली, "पदर उलटा लावलात," आणि आत आली. भांडण झालं नाही. अण्णांना सुटल्यासारखं वाटलं, आणि मग, का कोण जाणे, वाटेनासं झालं.

भेकर आलं नाही. आठवडा गेला, महिना गेला. वाल मांडवावर चढले, लाल माठ तरारला, मुळे हाताएवढे झाले. उमा आता सकाळचा चहा वाफ्यांत नेऊन घेई. मग चहा तसाच गार व्हायला लागला. मग ती जेवायलाही उशिरा येऊ लागली, आणि ताटातली तीच वालाची भाजी बाजूला सारून नुसता भात खाऊ लागली.

"अगं, भाजीसाठीच तर अडून बसली होतीस ना?" अण्णांनी विचारलं.

"ती खायची नाही," उमा म्हणाली. "राखायची आहे."

विठ्ठलवाडीचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. अण्णांना हवं होतं ते सगळं झालं होतं. एके सकाळी तिची उशी उन्हात टाकताना त्यांच्या लक्षात आलं, की उशीला तिच्या डोक्याच्या तेलाचा वास येत नाही. चादरीलाही नाही. घरात तिचा असा वासच उरला नव्हता.

भाऊबीजेला आईला मामाकडे न्यायला किर्ती रिक्षा घेऊन आली. उमा नवी साडी नेसून वाफ्यांतून निघाली, बांबूपर्यंत आली आणि पाण्यापाशी थांबावं तशी थांबली.

"आई, चल ना! मीटर पळतोय."

"मी गेल्यावर इथं कोण?"

"हरणं! दुसरं कोण?" किर्ती हसली, मग हसेनाशी झाली. अर्धा तास विनवून ती एकटीच निघाली, आणि जाता जाता अण्णांना म्हणाली, "अण्णा, माळी परवडत नव्हता का तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी अण्णांनी रखमाबाईला रस्त्यावर गाठलं. तिने ऐकून घेतलं.

"मागून घेतलंस ना?"

"नंतर विचारणार होतो."

रखमाबाई टोपली डोक्यावर घेत म्हणाली, "दिलं तर लुगडं राखतं, अण्णा. नेलं तर बाय राखते." आणि मागे न बघता चालू लागली.

अण्णा जवळजवळ धावतच घरी आले. ऊन चढलं होतं. उमा वालाच्या मांडवाखाली पाठमोरी उभी होती. त्यांनी पाचही साड्यांच्या गाठी सोडल्या, घड्या घातल्या. चौतीस वर्षांत कुठल्याही साहेबापुढे झाले नव्हते इतके नम्र होऊन ते उघड्या पडलेल्या वाफ्यांच्या कडेशी उभे राहिले.

"उमा, चुकलं माझं. न विचारता नेल्या. ह्या घे परत, आणि चल. किर्तीकडे राहू. दोघंही."

ती वळली. अण्णांनी एक पाऊल वाफ्यात टाकलं.

उमाने खाली वाकून मातीचं ढेकूळ उचललं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ओळखही नव्हती; होती ती नुसती सवयीची, जराशी कंटाळलेली दक्षता.

"हाड्," ती हलक्या आवाजात म्हणाली.

आणि अण्णा दचकून मागे सरले.